डावा पाय

खंबाटकीचा घाट निम्मा चढून झाला होता, तेवढ्यात माझ्या स्पोर्ट्स कारला उसाच्या ट्रॅक्टरने मागे टाकलं. तोही मोकळा ट्रॅक्टर नव्हे. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर उसाची शीग आणि शिगेवर एक पोरगं उताणं पडलेलं. माझी लाल, छप्पर उघडलेली गाडी पाहून ते उठून बसलं आणि त्याने उसाचं एक कांडं माझ्या दिशेने पुढे केलं. दया म्हणून, की अडलेल्या बैलाला दाखवतात तसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी बंद पडली असती तर एवढं लागलं नसतं. बंद पडलेल्या गाडीला एक प्रतिष्ठा असते; बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभं राहता येतं. इथे इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं, काटा साडेचार हजारांवर गेला होता आणि गाडी मात्र वरातीतल्या घोड्याच्या चालीने चालली होती. त्यात एक वास सुटला. घोड्याला नाल ठोकताना खूर करपतो, तसा.

"अहो, कुणाचं तरी काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

"ट्रॅक्टरचं असेल," मी म्हणालो. ट्रॅक्टर तोवर दोन वळणं पुढे गेला होता.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. शंभरातल्या नव्याण्णवांनी ते ऐकलेलं नसणार, आणि उरलेला एक जण मला भेटला की विकणार का म्हणून विचारतो. १९९८ साली बंगळूरच्या एका कंपनीने ही गाडी बाजारात आणली. दोनच माणसांची, फायबरच्या अंगाची, पोटात रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. साठ हॉर्सपॉवर. साठ ऐकून हसू नका. फायबरचं अंग हलकं, त्यामुळे तेवढे घोडे पुरतात. फायबर गंजत नाही हा आणखी एक फायदा. पोचा येत नाही, सरळ तडा जातो, हा फायदा की तोटा ते ज्याचं त्याने ठरवावं. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सगळे चारधामला गेले, मी ही सेकंडहँड घेतली. बायको तिला 'साबणाची डबी' म्हणते आणि बसताना "हं, बसले डबीत" असं जाहीर करून बसते.

सातारा हे पेन्शनरांचं गाव. इथे गाडी बिघडली तर गॅरेजमध्ये न्यायच्या आधी ती गल्लीत तपासली जाते. समोरचे पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता 'पेट्रोलात पाणी' या निष्कर्षावर आले. निवृत्त मुख्याध्यापकांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि "चाकांत हवा बघितली का?" असं विचारलं. तिसरे एक जण काहीच बोलले नाहीत, फक्त "या वयात..." म्हणून निघून गेले.

गॅरेजच्या मिस्त्रींनी मात्र गाडीला हातही न लावता निदान केलं. हँडब्रेक ओढायला लावला, तिसरा गिअर टाकायला लावला आणि म्हणाले, "आता क्लच सोडा." गाडी गपकन बंद पडायला हवी होती. ती बंद पडली नाही, निवांत घुरघुरत राहिली. मिस्त्रींनी मान हलवली. "स्लिप मारतोय. आणि पहिल्यात सुटताना थरथरती का?"

"अंगात आल्यासारखी घुमते."

"मग नुसती प्लेट न्हाई सायेब. फ्लायव्हील बी गेलं."

पाठ्यपुस्तकी मराठीत फ्लायव्हीलला प्रचक्र म्हणतात. हा शब्द मी मिस्त्रींना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पोराला हाक मारली, "बाळ्या, सायबांचं प्रेशर चेक कर." नंतर कळलं, त्यांना तो रक्तदाबाचा प्रकार वाटला होता.

गिअरबॉक्स उतरवायला दीड दिवस गेला. पुढच्या चाकांचे अ‍ॅक्सल काढा, गाडीच्या पोटाखाली जॅक लावा, गिअरबॉक्स बाळंतिणीला उतरवावं तसं खाली घ्या. मग प्रेशर प्लेट निघाली, क्लच प्लेट निघाली आणि तिच्यामागे, इंजिनाच्या शेपटाला सहा-सात बोल्टांनी घट्ट धरून बसलेलं ते बिडाचं चाक दिसलं. ताटाएवढं. कडेला स्टार्टरचे दात. मला वाटलं होतं घाण, काळंकुट्ट काहीतरी असेल. ते आरशासारखं चमकत होतं. त्यात मला माझा चेहरा दिसला, जरा लांबट आणि चिंताक्रांत.

"किती स्वच्छ राहिलंय!" मी म्हणालो.

मिस्त्री माझ्याकडे, पोर नापास झाल्यावर 'अक्षर मात्र चांगलं आहे' म्हणणाऱ्या बापाकडे पाहावं तसं पाहत राहिले. मग त्यांनी त्या चमकदार पृष्ठभागावरून नख फिरवलं. नख दोन-तीन ठिकाणी अडखळलं. प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडले होते, त्यांनी गोल चरे पाडले होते. आणि चऱ्यांच्या मधे निळसर-जांभळे डाग होते, मार लागल्यावर पाठीवर उमटतात तसे. एवढी उष्णता झाली की बीड तिथे कडक होतं, म्हणाले. बाकीचं झिजतं, तो डाग झिजत नाही, म्हणून तो उंचवटा होऊन बसतो आणि गाडी थरथरते.

खरं सांगायचं तर फ्लायव्हील मला नवीन नव्हतं. आमचा मळा तासगाव तालुक्यात. विहिरीवर ऑइल इंजिन होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना माझ्या छातीएवढी दोन चाकं. ती कशाला, असं मी लहानपणी चुलत्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "इंजिन एकदा ढकलतंय आणि मग नुसतं बसून राहतंय. मधल्या येळेला कोण फिरवणार, तुझा बा?" चार स्ट्रोकच्या इंजिनाचं याहून सोपं वर्णन मी वाचलेलं नाही. पिस्टन चारांतल्या एकाच धावेला काम करतो, उरलेल्या तीन धावा चाकाने साठवलेल्या गतीवर निघतात. एका सिलिंडरला म्हणून एवढी अवजड चाकं लागतात. चार सिलिंडर पाळीपाळीने ढकलू लागले की ताटाएवढं पुरतं. चुलता डीकॉम्प्रेशनची खिट्टी वर करायचा, हँडल मारायचा, अंगठा मुठीबाहेर नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा (उलटा फटका आला तर मनगट राहावं म्हणून), चाकं भरात आली की खिट्टी पाडायचा, आणि मग पुक्... पुक्... पुक् सुरू व्हायचं. ते ऐकलं की बांधावरच्या बायका ओळखायच्या, पाणी आलं.

हा सगळा मुलूखच बिडाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. त्याआधी त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणाले होते की लोखंडाने जमीन नासते. साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ पासूनचा. धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधानही झाले, पण ते मंत्रिमंडळ एप्रिलला आलं आणि जुलैत गेलं. त्यांच्या कारखान्याच्या इंजिनांनी त्यामानाने पुष्कळ कळ काढली. असल्या मुलखात माझं ताटाएवढं चाक झिजलं तर ते दुरुस्त करायला माणूस मिळणारच, असा माझा हिशेब होता. रेनोने हेच इंजिन तिकडे ट्विंगो आणि क्लिओमध्ये घातलेलं, म्हणजे नवं फ्लायव्हील युरोपातून मागवता आलं असतं. क्लचचा सेट मी तसाच मागवला होता. पण बिडाच्या तुकड्यासाठी किर्लोस्करवाडीच्या शेजाऱ्याने फ्रान्सकडे हात पसरायचा हे मला पटेना. शिवाय फ्लायव्हीलच्या पोस्टेजचा आकडा पाहिला होता. स्वाभिमान बऱ्याचदा असाच जागा होतो.

शेजारच्या लेथवाल्याने चाक हातात घेऊन सांगितलं, "अर्ध्या तासात फेसिंग मारून देतो." मिस्त्रींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. लेथचं टूल त्या कडक डागावर आलं की त्यावरून उडी मारतं, बाकीचं बीड खातं. म्हणजे उंचवटा आणखी उंच. याला ग्राइंडिंगच पाहिजे. फिरता दगड कडक-मऊ बघत नाही, सगळ्यांना सारखा घासतो. "सांगलीला न्या," ते म्हणाले. "कुपवाडला एक आबा हैत."

गाडी जॅकवर, त्यामुळे चाक बाजाराच्या पिशवीत घातलं आणि आम्ही एस्टीने निघालो. बायकोही आली, कारण तिला अर्धं तिकीट आणि सांगलीला हळद. पिशवी सीटखाली ठेवली. कऱ्हाडच्या पुढे ती घरंगळून कंडक्टरच्या पायाशी गेली.

"काय आहे हो यात?"

"चाक आहे."

"कशाचं?"

"गाडीचं."

"गाडी असून एस्टीनं?" त्याने विचारलं, आणि पुढच्या चार सीटा माझ्याकडे वळल्या. पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंत बस जेवढी उडत होती तेवढं ते चाक पिशवीत ठणाणा वाजत होतं, आणि प्रत्येक ठणक्याला कुणीतरी हसत होतं.

सांगलीत गावभागात माझी आत्या असते. वय नव्वदीच्या आसपास, कानाने कमी, पण ऐकायचं ते सगळं ऐकू येतं. तिच्यापुढे चाक ठेवलं. तिने पदराने पुसून त्यावर तळवा फिरवला.

"गुळगुळीत झालंय की रे."

"हो ना. म्हणून धरत नाही. नुसतं फिरतं."

"मग टाकी लावून आण," आत्या म्हणाली आणि आत भडंग आणायला गेली.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. टाकी! जातं झिजून गुळगुळीत झालं की दाणा धरत नाही. वर फिरतं, पण पीठ पडत नाही. मग दारावरून हाक जायची, "जात्याला, पाट्याला टाकीऽऽ", आणि छिन्नी-हातोडी घेऊन आलेली बाई अंगणात बसून जात्याच्या तोंडावर ठिपके मारत जायची. टक्, टक्, टक्. मी दीड दिवस मिस्त्रींकडून, आणि त्याआधी आठवडाभर इंग्रजी व्हिडिओंमधून जे समजून घेत होतो, ते आत्याने चार शब्दांत निकालात काढलं होतं. आणि फुकट.

आबांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. दारात गिरणीचे शाफ्ट, ऑइल इंजिनांची हेडं, कुठल्यातरी ऊसतोडणी यंत्राचा एक अवाढव्य अवयव, आणि या सगळ्यांत तुळशीवृंदावन. आबांनी आधी चाकाच्या भोकातून दोरी ओवून ते खुंटीला टांगलं आणि हातोडीने हलकेच ठोकलं. देवळातल्या घंटेसारखा नाद निघाला. "आवाज खणखणीत हाय. मडकं घेतल्यागत बघाय लागतंय," म्हणाले. तरी समाधान झालं नाही. एका बोळ्याने चाकाला डिझेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वरून शाळेतला पांढरा खडू फासला. मग आम्ही चौघांनी, म्हणजे आबा, त्यांचा पोऱ्या, बायको आणि मी, त्या पांढऱ्या चकतीकडे पाच मिनिटं टक लावून पाहिलं. केसाएवढी चीर असती तर आत शिरलेलं डिझेल खडूवर ओली रेघ काढून वर आलं असतं. रेघ उमटली नाही. मुलीचा रिझल्ट लागला तेव्हाही मी एवढा श्वास रोखला नव्हता.

मग आबांनी खडू पुसला, चाक उजेडात धरलं, डागांवरून बोट फिरवलं आणि ज्योतिषी हात बघतो तशा आवाजात म्हणाले, "ह्यो माणूस डावा पाय क्लचवर ठेवून गाडी चालवतोय."

शेडमध्ये शांतता पसरली.

"घाटात गाडी थांबली की ब्रेक वढत न्हाई. हाफ क्लचवर धरून उभा ऱ्हातोय. मागचा हॉर्न वाजिवला की दचकून आणखी रेस देतोय." त्यांनी चाक उलटं केलं. "घाबरट हाय, पण दाखवत न्हाई."

"अगदी बरोबर," बायको म्हणाली. तिला इतक्या आनंदात मी सिल्व्हर ज्युबिलीलाही पाहिलं नव्हतं. तिने स्टूल पुढे ओढलं. "अजून काय दिसतंय?"

साताऱ्याच्या मिस्त्रींना हे सगळं दिसलं नसेल असं नाही. पण सातारकर माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडावर असं बोलत नाही. तो 'फ्लायव्हील गेलं' म्हणतो, जसं काही ते आपणहून गेलं. सांगलीकर कर्ता कोण ते सांगतो.

ग्राइंडर सुरू झाला. खाली चाक सावकाश फिरतंय, वर दगड गरगरतोय, पाण्याची पांढरी धार सोडलेली. पहिल्या फेरीत दगड फक्त उंचवट्यांना शिवला आणि डाग तेवढे पांढरे झाले. बिबट्याच्या कातड्यासारखं दिसू लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बिबट्या विरघळत गेला. चरे मात्र हटेनात. आबा एका वेळी इतकं थोडं खाली उतरायचे की मला काहीच झालं नाही असं वाटायचं, फक्त आवाज बदलायचा, खर्रर्रचा सर्रर्र व्हायचा. मधूनच मशीन थांबवून डायल लावायचे आणि काटा हलतो का ते बघायचे. काम चालू असताना त्यांनी मला बरंच शिकवलं. काही फ्लायव्हीलना कडेला पायरी असते. वरून जेवढं काढाल तेवढंच पायरीवरूनही काढावं लागतं, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बिघडतो. "तुमचं आपलं भाकरीगत सपाट हाय, नशीब." आणि हल्लीच्या भारी गाड्यांत म्हणे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा असतात, थरथर गिळायला. त्यांना टाकी-बिकी नाही. गेलं की नवं. त्याची किंमत आबांनी सांगितली तेव्हा मला माझ्या गाडीचा एकदम अभिमान वाटला.

अर्धा मिलिमीटरही निघालं नाही एकूण. पण चाक आता आरसा राहिलं नव्हतं. राखाडी, दुधी, बारीक रेघांचं. तळवा फिरवला तर किंचित धरणारं. माझा चेहरा त्यात दिसेना, त्यामुळे ते जास्तच बरं दिसत होतं. आठशे रुपये झाले. आबांनी आठशेच घेतले, आणि बायकोला पत्ता देऊन कुठली हळद चांगली ते वेगळं सांगितलं.

साताऱ्यात जोडणीला सगळी गल्ली गॅरेजवर हजर. मिस्त्रींनी इंजिनाचं मागचं ऑइल सील आधी बदललं, ते ठिबकलं तर नवी प्लेट आठ दिवसांत तेलात न्हाऊन निघेल म्हणून. चाक बसवलं. नवे बोल्ट, एकदम नाही, समोरासमोरचे घेत, शेवटी टॉर्क रेंचने, टक् आवाज येईपर्यंत. मग चाकाचं तोंड थिनरने पुसलं आणि बजावलं, "आता कुणी हात लावू नका. बोटाचं तेल बी चालत न्हाई." उपअभियंत्यांनी तत्काळ अंगठा लावून "छान झालंय" म्हटलं. मिस्त्रींनी पुन्हा पुसलं. मुख्याध्यापकांनी नक्की कुठे हात लावायचा नाही ते बोट टेकवून विचारलं. मिस्त्रींनी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा मीच लावला.

क्लच प्लेट कुठल्या बाजूने बसवायची यावर वाद निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून प्लेटवर छापलेलं मोठ्याने वाचलं, "फ्लायव्हील साइड!" आणि मग सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू गाडी त्यांनीच उघडली होती. प्लेट मधोमध धरायला मिस्त्रींनी जुन्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट खुपसला. गिअरबॉक्स चढवताना तिघे गाडीखाली आणि नऊ जण सूचना द्यायला होते. तरी तो चढला.

"पहिले चार-पाचशे किलोमीटर जरा सांभाळून," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे पाहून नव्हे. बायकोकडे पाहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यवतेश्वरच्या घाटाने कासकडे निघालो. छप्पर उघडं. पहिल्यात गाडी अशी अलगद सुटली की मला ती हलली हे खांब मागे जाऊ लागल्यावर कळलं. डावीकडे दरी उघडत होती, खाली सातारा, पलीकडे अजिंक्यतारा, उन्हात नुकताच तांबूस झालेला कडा. बायको यातलं काहीही बघत नव्हती. ती मान वाकवून माझ्या पॅडलांकडे बघत होती.

"पाय," ती म्हणाली.

मी डावा पाय उचलून बाजूला ठेवला. दोन वळणांनंतर तो कधी परत गेला मला माहीत नाही.

"पाय!"

वर पोचेपर्यंत अकरा वेळा. शेवटच्या वळणावर समोरून एस्टी आली, मी थांबलो, सवयीने रेस दिली, आणि तिने अशा आवाजात "पाऽऽय!" म्हटलं की रस्त्याकडेला शेळ्या राखत बसलेल्या म्हाताऱ्याने दचकून आपले दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.